तोंडातल्या टाचण्या

आमच्या धाकट्याला कुणी काही अवघड विचारलं की तो तोंडात टाचण्या धरतो. शिंपी आहे, त्यामुळे खपून जातं. लोकांना वाटतं, मास्तर कामात आहेत. पण मला विचाराल तर निम्म्या वेळा समोर टाचायला कापडसुद्धा नसतं. दुसरी माणसं मिठाची गुळणी धरतात, हा टाचण्या धरतो, एवढाच काय तो फरक. मी त्याची थोरली बहीण. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, तेव्हा माझ्या आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको. दोघांच्या वाट्याचं बोलणं ही एकटीच घेऊन आली, असं आई माझ्याबद्दल म्हणायची. खोटं नव्हतं ते.

शाळेत असताना त्याने खिडकीचा पडदा कापून मला झगा शिवला होता. आईने आधी त्याला बडवलं, मग झगा उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "शिवण मात्र सरळ आहे हो कार्ट्याची." तिथेच त्याचं आयुष्य ठरलं. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मधे अरुंद लाकडी जिना. कापायचं मोठं टेबल, दोन मशीनं, तीन भागांचा आरसा आणि इस्त्रीच्या वाफेचा तो ओल्या लोकरीचा वास. पोट सुटलेला माणूस त्याच्या कोटात सडपातळ दिसतो. पोक काढून चालणाऱ्या बाई त्याचं जाकीट घातलं की ताठ दिसतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा हात वाकडा, सगळं तो कापडात जिरवतो आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागू देत नाही. "माणसाला कशाला सांगायचं, ताई? कापडाला सांगितलं की झालं," हे त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकं आरशात बघून खूश होतात आणि पुन्हा त्याच्याचकडे येतात.

त्याला बोलतं केलं ते त्याच्या बायकोने, हे श्रेय मी तिला मोकळ्या मनाने देते. दुकानात काज-बटणं ती करायची आणि करता करता अखंड बडबडायची. तिला उत्तर द्यायचं म्हणजे हा तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खोचायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने तिला एक कोट शिवला. गडद हिरवी लोकर, आत जांभळट अस्तर, लांबी गुडघ्यापर्यंत. खांदे असे बसले होते की मी म्हटलं, "अरे, हा शिवलायस की ही कोटासकट जन्मली?" वरचं बटण मात्र तिने हट्टाने स्वतः लावलं, आणि घाईघाईत काळ्या दोऱ्याने लावलं. तो उसवायला निघाला तर म्हणाली, "राहू दे, ती माझी सही आहे."

मुलगी लहान होती, नुकती शाळेत जायला लागली होती, तेव्हा पोटदुखीचं निमित्त होऊन भावजय हॉस्पिटलात गेली. दोन दिवसांत घरी सोडू म्हणाले होते. धाकटा कापड सुईखाली तसंच ठेवून तिच्याबरोबर गेला आणि एकटा परत आला. तेव्हापासून त्याने तो रस्ताच टाकला; बाजारात जायचं झालं तरी लांबचा वळसा घालून जातो. कोट दुकानातल्या काचेच्या कपाटात टांगला. त्याला ब्रश मारतो, अधूनमधून ऊन दाखवतो. काळ्या दोऱ्याचं बटण तसंच आहे.

पोरीला मी काडी म्हणते, कारण ती आहेच काडी. आई गेल्यावर ती टेबलाखाली वाढली म्हटलं तरी चालेल. वर हा कात्री चालवतोय, खाली ही चिंध्यांचं दुकान मांडून बसलीय. मधेच याची पँट ओढून म्हणायची, "अहो मास्तर, माप घ्यायचंय!" आणि हा गिऱ्हाईक तिष्ठत ठेवून, गळ्यातला टेप काढून टेबलाखाली शिरायचा. तिचं माप, बाहुलीचं माप, कान तुटलेल्या अस्वलाचं माप. अस्वलाची कंबर फार सुटलीय म्हणून चिंता करायचा. टेबलाखालून दोघांचं हसू यायचं आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी काय सांगणार? म्हणायचे, "बसा, मोठी ऑर्डर आहे."

बारा वर्षांची झाली आणि एक दिवस म्हणाली, "बाबा, आता माप नको घेऊ. अंदाजाने शिव." वयच ते, त्यात वावगं काही नव्हतं. मी धाकट्याला तसं समजावलंही. त्याने मान हलवली आणि टाचण्या तोंडात धरल्या. मग तिचं दुकानात येणंच कमी झालं. शाळेतून आली की तडक वर. वर तिची पावलं वाजली की हा मशीन थांबवायचा, पावलं थांबली की पुन्हा सुरू. पोर डोक्यावरून चालतेय आणि बाप मान वर करून ऐकतोय, हे मी कितीदा पाहिलं असेल. मला इतका राग यायचा त्याचा! अरे, जिना आहे ना मधे? चढ की!

काडीला एकच गोष्ट हवी होती, आईचा कोट. दर हिवाळ्यात मागायची. हा म्हणायचा, "अजून मोठा होतो तुला. पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी उंची पुरली, तरी पुन्हा "पुढच्या वर्षी". एकदा ती मला म्हणाली, "आत्या, बाबाला तो कोट माझ्यापेक्षा जास्त आवडतो." मी तिला वेडी म्हटलं, पण खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. हा त्या कोटातून बायकोला बाहेरच पडू देत नाही, असं वाटायचं.

शाळेत पोहण्याच्या तासाला खेळाच्या बाईंच्या लक्षात आलं. बाई बिचाऱ्या स्वतः दुकानात आल्या. "मुलीचा पाठीचा कणा वाकडा दिसतोय. डॉक्टरांना दाखवा, उशीर नको." मी नेमकी तिथे होते. धाकट्याच्या तोंडात टाचण्या. मग मीच म्हटलं, "अहो बाई, भलतंच काय? तिचे कपडे बघा अंगावर कसे बसतात! गल्लीत कुणाच्या पोरीचे बसत नाहीत असे." बाई धाकट्याकडे बघत राहिल्या. मी मात्र जिंकल्यासारखी छाती काढून उभी.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवला. कण्याने मधेच असा बाक घेतला होता की मला बघवेना. "वाढतं वय आहे, बाकही वाढतोय. ऑपरेशन करावं लागेल. आधी आणली असती तर कदाचित नुसत्या पाठीला बांधायच्या पट्ट्यावर भागलं असतं," ते म्हणाले. माझं डोकंच फिरलं. "आधी आणायला आम्हाला काय स्वप्न पडणार होतं, डॉक्टर?" धाकटा शेजारी बसून भिंतीकडे बघत होता. टाचण्या नव्हत्या, तर नुसते ओठच आवळून बसला होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. कण्याच्या दोन्ही बाजूंना सळया घातल्या. पोरगी सरळ झाली, उंचीलाही थोडी वाढली. "काडी होती, आता सळई झाली," मी म्हटलं, तर हसली आणि लगेच कळवळली. "आत्या, हसवू नकोस ना, दुखतं!"

घरी आणली आणि मीही बाडबिस्तरा घेऊन मुक्कामाला आले. वाकायचं नाही, वळायचं नाही, काही उचलायचं नाही. कूस बदलायची तर अख्खं अंग एकदम, ओंडका लोटावा तसं, दोघांनी दोन बाजूंनी धरून. नर्सने आम्हाला शिकवून पाठवलं होतं. धाकट्याने त्यासाठी पलंगाला एक आडवी जाड चादर शिवली, दोन्ही कडांना हातात धरायला पट्टे. दुकानातल्या चिंध्या भरून उशा केल्या, एक गुडघ्यांखाली, एक पाठीशी, एक दोन पायांच्या मधे. टाक्यांना काही घासू नये म्हणून मऊ सुती गाउन शिवले, पुढून उघडे, आणि सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला. जन्मभर शिवण लपवणारा माणूस, पण पोरीसाठी त्याने उलटे कपडे शिवले.

तिच्या हातून काही पडलं की तिला वाकायला मनाई. "आत्या, चमचा! आत्या, फोन! आत्या, मोजा!" मी म्हटलं, "राणीसरकार, मी रिटायर झाले ती वाकायला नव्हे." गोळ्यांनी पोट गच्च झालं होतं, तोंडाला चव नव्हती. सूप पुढे केलं की तिला रागाने पाठ फिरवायची असायची, पण पाठ फिरवायची सोय नाही, म्हणून नुसते डोळे फिरवायची. संध्याकाळी दुखायला लागलं की मुसमुसायची आणि मला दिसू नये म्हणून चादर तोंडावर घ्यायची. बापासारखीच, आतल्या गाठीची.

चालायचं मात्र रोज, थोडं थोडं. पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून जिन्याच्या दारापर्यंत. मी मागे हात धरून, "चला, पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी नको!" ती म्हणायची, "माझा पास आहे."

एक दिवस मी म्हटलं, "ऐकलंस का?"

"काय?"

"मशीन. तू चालायला लागलीस की खाली मशीन बंद होतं."

ती थांबली. मशीन सुरू झालं. तिने एक पाऊल टाकलं, मशीन बंद. पुन्हा थांबली, पुन्हा सुरू. मग तिला खेळच सापडला. किती दिवसांनी ती बापाशी खेळत होती, आणि खाली त्या बापड्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुपारी दुकान लोटून तो वर यायचा आणि तिच्या केसांचा गुंता सोडवायचा. दोऱ्याच्या गुंत्याला हात लावावा तसा, न ओढता. असंच एकदा तिने विचारलं, "बाबा, आता तर मी सरळ झाले. आता देशील कोट?"

"आधी बरी हो," तो म्हणाला. पण या वेळी हसून म्हणाला. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मग तो निळा शर्ट निघाला. मैत्रिणी भेटायला येणार होत्या. "आज गाउन नको, आत्या. माझा निळा शर्ट काढ." तिचा सगळ्यात आवडता, बापाने वाढदिवसाला शिवलेला. मी जपून एकेक हात घातला, बटणं लावली, आरशासमोर उभी केली. आणि काय सांगू! डाव्या खांद्यावर टेंगूळ आल्यासारखं वर आलेलं, आणि खालची कड डावीकडे चढलेली. सरळ पोरीच्या अंगावर वाकडा शर्ट.

"अगंबाई, धुऊन आटला वाटतं," मी म्हटलं.

ती आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "काढ." शर्ट उलटा करून तिने खांदा चाचपला. डाव्या खांद्यात आत पॅड होतं, थरावर थर देऊन कडेला पातळ करत नेलेलं, बाहेरून कुणाला ओळखू येऊ नये असं. उजव्या खांद्यात काही नव्हतं. "दुसरा काढ," ती म्हणाली. शाळेचा शर्ट, त्यातही पॅड. लोकरी जाकीट, त्यातही. मला एकेक काढायला लावून तिने अख्खं कपाट पलंगावर आणलं. आत्ताच्या कपड्यांत पॅड जाड, गेल्या वर्षीच्या कपड्यांत त्याहून पातळ, त्याच्या आधीच्यात अगदी पापुद्र्याएवढं. गल्लीला कौतुकाने दाखवत फिरले मी हे कपडे!

मैत्रिणी आल्या, ती गाउनवरच भेटली, हसली, बोलली. त्या गेल्यावर धाकटा सूपचा वाडगा घेऊन वर आला. पलंगभर कपडे, सगळे उलटे. त्याने वाडगा स्टुलावर ठेवला.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

त्याचा हात कॉलरकडे गेला, तिथे टाचण्या खोचलेल्या असतात. मी ओरडले, "हात खाली! पोर विचारतेय, तोंडाने बोल."

"शेवटचं माप घेतलं ना, तेव्हा डावा खांदा थोडा खाली लागला," तो म्हणाला. "मला वाटलं, दप्तराचं ओझं. मग वाटलं, वाढतं वय, जाईल आपोआप. नंतर नुसतं बघूनच कळत गेलं."

"मग?"

"मग डॉक्टर हॉस्पिटलात ठेवून घेतील असं वाटलं."

"आणि कोट?"

"तो सरळ अंगासाठी कापलाय," तो म्हणाला. "त्यात तुला दिसलं असतं."

तिने निळा शर्ट बाजूला सारला. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी आईसारखी नाही म्हणून देत नाहीस." आणि आवाज एकदम कोरडा करून, "सूप नको मला, मास्तर. घेऊन जा तुम्ही."

जन्मात कधी बापाला अहो-जाहो केलं नव्हतं तिने. त्याने वाडगा उचलला आणि जिना उतरून गेला.

तिथून घरात मास्तर सुरू झाले. "आत्या, मास्तरांना सांग, गोळ्या संपल्या." "मास्तरांना म्हणावं, खिडकी लावा." केस माझ्याकडून विंचरून घ्यायची, आणि माझा हात म्हणजे काय, बसची घंटी ओढणारा हात, डोळ्यांत पाणी यायचं तिच्या, पण त्याला बोलवायची नाही. कूस बदलायला दोघं लागतातच, तेव्हा तो चादरीचा पट्टा धरायचा आणि ती डोळे मिटून घ्यायची. चालायची तीही आता भिंतीच्या कडेच्या जाड सतरंजीवरून, अनवाणी, आवाज न करता. खाली मशीन आपलं उगाचच थांबायचं, पावलांची वाट बघत बंद राहायचं, आणि मग केव्हातरी सुरू व्हायचं. तिला ते ऐकू जात होतं, पण चेहऱ्यावर रेघ हलेल तर शपथ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. कणा सरळ झाला तरी पोर आमच्याच घराण्यातली.

एका दुपारी माझा संयम संपला. तशी त्याची शिल्लक माझ्याकडे कमीच. खाली जाऊन मी धाकट्याला फैलावर घेतलं. "तू बाप आहेस की शिंपी? पोरीचा खांदा उतरतोय आणि तू पॅड घालतोस? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मुठीबद्दल म्हणतात रे, पाठीबद्दल नव्हे! मला सांगायला काय धाड भरली होती? मी नेली असती तिला, खांद्यावर टाकून नेली असती!"

त्याने हातातली कात्री खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, तिला तिथे नेलं असतं आणि पुन्हा मी एकटाच परत आलो असतो तर?"

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"माझ्या डोक्यावरच राहते ती," तो म्हणाला, "आणि मला तिची इतकी आठवण येते, ताई. टेबलाखाली वाकून बघतो मी कधी कधी. वेड्यासारखा. तिला सांगशील?"

"मी कंडक्टर होते, पोस्टमन नव्हे," मी म्हटलं. "तुझं तू सांग." असं ठणकावून आले आणि जिन्यात बसून रडले, ते वेगळं.

वर गेले तर काडी खोलीच्या मधोमध उभी. सतरंजीवर नाही, उघड्या फळ्यांवर, बरोबर खालच्या टेबलाच्या वर. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की या फळ्यांतून पावलं खाली ऐकू जातात, तसं बोलणंही वर येत असणार. आणि माझं बोलणं तर काय, कोपऱ्यावरच्या स्टॉपपर्यंत जातं.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी जिना उतरायला परवानगी दिली, त्याच दिवशी दुपारी ती म्हणाली, "आत्या, मला बूट घाल."

"बूट कशाला? चपला घाल की."

"बूटच घाल."

मी गुडघे टेकून तिच्या पायांत शाळेचे जड बूट चढवले, नाड्या बांधल्या. ती फळ्यांवरून चालत जिन्याच्या दारापर्यंत गेली, टाप टाप आवाज करत. खाली मशीन थांबलं. मग एकेक पायरी, एक हात कठड्यावर, एक माझ्या हातात. "पुढे सरका" म्हणायची माझी छाती झाली नाही.

दुकानात धाकटा टेबलाला टेकून उभा होता, तोंडात टाचण्या गच्च धरून. शेवटची पायरी उतरून ती दारात थांबली. कपाळाला घाम आला होता.

"अहो मास्तर," ती म्हणाली, "माप घ्यायचंय."

आता हा टोमणा होता की टेबलाखालचा खेळ, ते मला कळेना. त्यालाही कळलं नसावं. त्याने गळ्यातला टेप काढला. "कशाचं?" टाचण्यांमधून कसाबसा आवाज आला.

तिने काचेच्या कपाटाकडे बोट केलं.

त्याने कोट काढला, मागे उभा राहून उघडा धरला, तिला हात वळवावा लागू नये असा अगदी जवळ. तिने एक हात घातला, मग दुसरा. समोर येऊन त्याने बटणं लावली, काळ्या दोऱ्याचं सगळ्यात शेवटी. मग तिला तीन भागांच्या आरशासमोर नेलं. लांबी बरोबर गुडघ्यापर्यंत आली होती. बाह्या तेवढ्या बोटांवर उतरलेल्या. मला भावजयीची अशी आठवण आली की मी टेबलाची कड धरली. मला एवढी आली, तर त्याचं काय झालं असेल?

तो दोन पावलं मागे सरकला आणि एक डोळा बारीक करून बघायला लागला, शिंपी बघतात तसा. त्याची नजर एका जागी अडली. मीही तिथे पाहिलं. डावा खांदा. अगदी किंचित. थोडा फरक राहील, असं डॉक्टर म्हणाले होतेच. कोटाने तिथे एक हलकी घडी घेतली होती. तो तिथे बघत नसता तर मला काही ती दिसली नसती.

त्याचा हात टेबलाच्या खणाकडे गेला. त्या खणात पॅडं असतात. त्याने खण उघडला. शब्द अगदी माझ्या जिभेवर आले होते, पण मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून उभी राहिले.

त्याने खण बंद केला. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या.

"डावा खांदा अजून थोडा खाली आहे," तो म्हणाला.

तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "किती?"

त्याने टेप लावला. "अर्धं बोट."

"खरं?"

"खरं. हे बघ, इथे घडी पडतेय." त्याने घडीवर बोट ठेवलं, म्हणजे तिच्या खांद्यावरच ठेवलं. ती बाजूला सरकली नाही. "पॅड घातलं तर जाईल. घालू?"

विचारलं हो त्याने! इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

तिने त्या घडीकडे पाहिलं. मग आईच्या बटणावरून अंगठा फिरवला. "नको. राहू दे. हेही राहू दे."

"आणि बाह्या?"

"बाह्या आत दुमड. कापू नकोस."

"नाही कापत," तो म्हणाला, आणि खाली बसून बाहीला टाचण्या लावायला लागला. त्याला काही केल्या टाचणी नीट धरता येईना. तिने वरून त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे केस विरळ झालेत, ते बहुधा तिने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"बाबा," ती म्हणाली, "पाय भरून आले रे. वर ने मला."

जिना अरुंद, दोघं शेजारी शेजारी मावत नाहीत. तो तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, तिचे दोन्ही हात धरून एकेक पायरी चढला, आणि ती कोट घालून, जड बुटांनी, त्याच्यामागोमाग. दार लागलं. मी खाली एकटीच राहिले. वर फळ्यांवर दोघांची पावलं वाजली, मग पलंग करकरला, मग धाकट्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. पण तो बोलत होता, थांबत नव्हता, बायको गेल्यापासून साठलेलं सगळं एकदम बाहेर काढावं तसा. मी मान वर करून ऐकत उभी होते.

तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं. हातात पँट, कंबर सैल करून हवी होती. "मास्तर आहेत का?"

"नाहीत," मी म्हटलं. "आज मास्तर नाहीत. उद्या या."